एकाच मालकिणीची गाडी

स्तोइलनं किल्ली फिरवली, तशी त्याच्या बायकोनं, नेदानं, तांब्याभर पाणी गाडीच्या मागे रस्त्यावर ओतलं. नवी गाडी पहिल्यांदा दारातून निघताना असं पाणी सांडलं, की पुढची वाट पाण्यासारखी सरळ जाते. आता ही गाडी नवी नव्हतीच म्हणा, पाच वर्षं जर्मनीत पळालेली होती. पण स्तोइलच्या तोऱ्यापुढे हे बोलणार कोण?

पावाच्या दुकानापर्यंत दोनशे पावलांची वाट. तो गावाला दोन वळसे घालून तासाभरानं परतला.

"म्हातारे, यातून लोकांच्या कुंपणापलीकडचं दिसतं," तो म्हणाला. "पेन्चोनं अजून द्राक्षाचे वेल छाटलेले नाहीत."

निळी, छोटी एसयूव्ही. स्तोइलनं तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, निम्म्या गावाला गाडी शिकवली, पण स्वतः जन्मभर जमिनीला टेकलेल्या खटाऱ्यात बसला. आता उंच बसायला मिळालं, खड्डे लांबूनच दिसू लागले, मिरच्यांची पोती मागे आडवी मावायला लागली. सीटसुद्धा पुढेमागे करावी लागली नाही. गाड्यांचा दलाल किरो यानं सांगितलं होतं, एकच मालकीण, श्टुटगार्टची निवृत्त शिक्षिका, आठवड्यातून एकदा चर्चला जायची. बाई बरीच उंच दिसते, असं स्तोइल म्हणाला, तेव्हा किरोनं घाईघाईनं टायरचा विषय काढला.

शिक्षिका वगैरे कुणी नव्हती. गाडी कालिनाची होती, त्यांच्या मुलीची.

हे ठाऊक होतं फक्त नेदाला आणि किरोला. सहा वर्षांपूर्वी स्तोइलनं मोठ्या हौसेनं स्कूलच्या पाटीवर 'स्तोइल आणि कन्या' असं रंगवून घेतलं, आणि त्याच महिन्यात कन्या जर्मनीत बस चालवायला निघाली. बसच्या थांब्यावर सगळ्यांदेखत तो तिला म्हणाला, "गेलीस तर तुझ्या गाडीचं चाकसुद्धा माझ्या दाराला लागता कामा नये." तेव्हापासून बापलेकीत शब्द नव्हता. तिनं पाठवलेला कोट न उघडता परत गेला. कॉफीचं यंत्र परत गेलं. तिनं नवी गाडी घेतली, तेव्हा जुनी बापाच्या गळ्यात घालायची युक्ती मायलेकींनी रचली. कळलं तर तो गाडी किरोच्या दारात नेऊन सोडेल आणि मग या घरात पोरीचं नावही काढता येणार नाही, या धास्तीनं नेदाला घास गोड लागत नव्हता.

दर रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरात फोनच्या स्पीकरवर कालिनाशी बोलायची. स्तोइल त्या वेळी घरात थांबत नसे. पूर्वी तो कोंबड्यांकडे जायचा. आता बादली घेऊन खिडकीखाली गाडी धुवायला यायचा आणि कुंपणापलीकडच्या पेन्चोला गाडीचे गोडवे ऐकवायचा. पेन्चो ठार बहिरा, त्यामुळे आवाज चढा.

"दीड लाख किलोमीटर, पेन्चो! चर्च फार लांब असणार बाईचं. आणि क्लचच्या पेडलचं रबर बघ, कोरं. क्लच म्हणजे पाय टेकायचा पाट नाही, हे मी तीस वर्षं घसा फोडून सांगतोय. ऐकलं कुणी? या बाईनं ऐकलंय."

पेन्चो मान हलवायचा.

"मास्तर कुणीही असो तिचा. पोरगी मास्तराच्या पुढे गेली. हे मला नसतं जमलं."

नेदाला हसू आवरत नसे. स्वतःच्याच शिकवणीवर म्हातारा खूश होता आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता. पण लगेच धडकी भरायची, पलीकडून कालिना गाडीबद्दल काही बोलली आणि बाहेर ऐकू गेलं तर? ती उठून खिडकी घट्ट लावून घ्यायची.

फेब्रुवारीच्या शेवटी गाडी झाडताना तिला सीटखाली मार्तेनित्सा सापडली, लाल-पांढऱ्या धाग्याची, विटलेली. एक मार्चला मनगटावर बांधायची, पहिला करकोचा दिसला की मोहरलेल्या झाडावर सोडायची. जर्मन शिक्षिकेच्या गाडीत ती कुठून येणार? नेदानं ती मुठीत दाबली आणि घरात नेऊन बटणांच्या डब्यात तळाशी टाकली. तो डबा स्तोइलनं चाळीस वर्षांत उघडला नव्हता. त्याच्या कोटाचं बटण तुटून महिना झाला होता, तरी तो तिच्याच नावानं कुरकुरत होता.

मार्च संपता संपता करकोचा आला आणि थेट विजेच्या खांबावरच्या जुन्या घरट्यात उतरला. दोघं परसात प्लमच्या झाडाखाली गेले. झाड पांढरंशुभ्र मोहरलं होतं. नेदानं आपल्या मनगटावरची मार्तेनित्सा फांदीला बांधली, मग स्तोइलची सोडून तिच्याशेजारी बांधली.

"आता तिसरी आण," स्तोइल म्हणाला.

"कसली तिसरी?"

"बटणांच्या डब्यातली."

नेदानं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कोटाचं बटण जागेवर होतं, वेड्यावाकड्या टाक्यांनी लावलेलं. तिनं डबा आणला आणि विटलेला धागा त्याच्या हातावर ठेवला. स्तोइल टाचा उंचावून सगळ्यात वरच्या फांदीपाशी पोचला आणि सावकाश गाठ मारू लागला.

"तिकडे तिच्या दारात कुठलं आलंय झाड," तो म्हणाला. "आणि हे बघ, रविवारी ती खिडकी उघडी ठेवत जा. मी काय त्या बहिऱ्या पेन्चोसाठी घसा फोडतो?"