चुंबकाला न चिकटणारा भाऊ

“डॉक्टर, आमचं बाळ चुंबकाला चिकटेल का?” शाल्मलीने एका दमात विचारून टाकलं. मैत्रिणींनी पैजच लावली होती ना!

आईने कपाळाला हात लावला. डॉक्टर केळुसकर मात्र खळखळून हसल्या. “चला, तेच बघू या.”

शाल्मलीचा आधीचा भाऊ जन्मला, तेव्हा ओळख-लस नव्हती. आईच्या रक्ताने पोटातल्या बाळाचं लिव्हर परकं समजून त्याच्यावर हल्ला केला, त्यात लोह साठत गेलं आणि बारशाआधीच तो गेला. या वेळी लशीने आईच्या रक्ताला दर आठवड्याला शिकवलं होतं, की हे आपलंच आहे, याला हात लावायचा नाही. तरी बाळ जन्मल्यावरसुद्धा आईने कुणाला साधं टोपडं शिवू दिलं नव्हतं.

डॉक्टरांनी बाळाच्या पोटावरून तपासणीची कांडी फिरवली. लोह साठलं असतं तर लाल दिवा लागला असता. लागला हिरवा! बाळ झकास शिंकलं.

“नाही चिकटणार गं!”

“मग बारसं करायचं?” बाबांनी हळूच विचारलं. आईला हसू आणि रडू एकदमच आलं.

“मी ठरवलंय,” शाल्मली म्हणाली, “कानात कुर्र मीच करणार.”

“अगं, तो आत्याचा मान!”

“आत्याला विचारलंय. ती माझ्या पाठीत धपाटे घालायला येतेय. आणि ऐका, मी दोन नावं सांगणार आहे. एक याचं आणि एक याच्या दादाचं. त्याचं राहिलंय ना!”