दार उघडणारा

इनडोअर बोल्स या चेंडू घरंगळवण्याच्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या पन्नाशीनिमित्त ग्लासगोच्या क्लबात म्हातारा अध्यक्ष मंगो छाती फुगवून स्पर्धेचा इतिहास सांगत होता. "बायकांना या खेळाचं दार मीच उघडून दिलं!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

मागे बसलेल्या एफीच्या अंगाचा तिळपापड झाला. तरुणपणी ती नाव नोंदवायला आली, तेव्हा याच बाबाने "घरी जाऊन सूप ढवळ" म्हणत तिला बाहेर काढलं होतं. वर्षभर भांडून ती आत शिरली आणि पहिल्याच सामन्यात तिने मंगोला सगळ्यांदेखत धूळ चारली.

भाषण संपताच जाब विचारायला ती तडक त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.



मंगोने हसून हात पुढे केला. "या, या! तुमचे मिस्टर खेळायचे का इथे?"