काढून घेतलेला नमस्कार

“तो नेमकं काय म्हणाला? त्याच्याच शब्दांत सांग,” एर्सिलियाबाईंनी विचारलं.

हेस्टरने सांगितलं. ओरेस्तेच्या बंद सलूनपुढून जाताना तिने शिकवल्याप्रमाणे ‘बुओनासेरा’ म्हणत संध्याकाळचा नमस्कार केला. बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या ओरेस्तेने टोपी उचलली, उलट ‘बुओनासेरा, सिन्योरा’ म्हटलं आणि तब्येत विचारली. छान आहे, आभारी आहे, असं उत्तर तिने दिलं.

बाईंना ते पटलं नाही. छान आहे असं फक्त प्रवासी म्हणतात. उद्या सांग, गुडघे दुखतात, झोप लागत नाही, बाकी ठीक. हेस्टर तिशीची होती आणि रोज सकाळी मागचा डोंगर चढून उतरत होती. तिने निमूटपणे वाक्य पाठ केलं.

ती इंग्लंडहून इटलीतल्या या गावात आलेली. बाईंच्या घराचा खालचा मजला तिने भाड्याने घेतला होता. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. अर्ध्या गावाला त्यांनीच लिहायला शिकवलेलं. त्यामुळे शिकवणी आपोआप ठरली. सकाळी धडा. संध्याकाळी सगळं गाव फेऱ्या मारायला चौकात उतरलं की सराव. परतल्यावर उलटतपासणी. बेकरीवाली काय म्हणाली, पाद्री काय म्हणाले, हे बाई अर्ध्यातच थांबवत. ओरेस्तेचं मात्र शेवटपर्यंत ऐकत.

ओरेस्ते त्यांचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा बाई दूर अंकोना शहरात नोकरीला होत्या. बर्फाने रस्ता अडला. त्या पोचल्या तेव्हा दफन उरकलं होतं. ओरेस्ते थांबला नव्हता. का, ते त्यांनी विचारलं नाही आणि त्या भांडल्याही नाहीत. या गावात भांडत नाहीत, नमस्कार काढून घेतात. दुसऱ्या दिवशी भर चौकात त्या भावासमोरून एक शब्द न बोलता गेल्या. तेव्हापासून एकाचं नाव दुसऱ्यासमोर कोणी काढत नाही. नमस्कार ज्याने काढून घेतला त्यानेच तो परत द्यायचा असतो. समोरच्याने फक्त वाट पाहायची.

ओरेस्ते बरीच वर्षं वाट पाहत होता. आता द्राक्षतोडणी संपली की त्याची मुलगी फिओरेंझा त्याला कायमचं तुरिनला नेणार होती.

हेस्टर शिकत होती ती वाक्यं कुठल्याच पुस्तकात नव्हती. यंदा अंजीर वाळत घातले का? रात्री नीट जेवता ना? आणि तिला उत्तरं मिळत. गुडघ्यांना तमालपत्र उकळलेलं तेल कोमट करून लावा, ओरेस्ते म्हणाला. आमची आई लावायची. हे ऐकून बाई उठल्या आणि खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. आई शेतातून आली की चुलीपुढे बसून ते तेल लावी. उरलेलं मुलांच्या थंडीने फुटलेल्या पायांना. ओरेस्तेला गुदगुल्या होत. तो तेलकट पायांनी घरभर पळे, आणि फरशी पुसायचं काम थोरलीवर येई.

त्यांची एकच तक्रार होती. तू अक्षरं तोडतेस, त्या म्हणत. बाळाला घास भरवताना आई जसं तोंड उघडते तसं तू बोलताना उघडतेस. आम्ही बोलतो ते चालता चालता, एका श्वासात. हेस्टरने मेहनत घेतली. बेकरीवाली तिच्या बोलण्यावर हसायची थांबली. तुझी आजी इकडचीच का गं, असं पाद्रींनी विचारलं.

फक्त ओरेस्ते बदलला. हेस्टरचं बोलणं जसजसं सुधारलं तसतशी त्याची उत्तरं आखूड झाली. आधी तब्येत विचारणं थांबलं. मग फक्त ‘सिन्योरा’ उरलं. एका संध्याकाळी त्याने नुसतीच टोपी उचलली आणि नजर जमिनीकडे वळवली.

बाईंना अर्थ स्पष्ट होता. प्रश्न कुणाचे आहेत ते त्याला कळलंय, त्या म्हणाल्या. त्याला ते नकोत.

हेस्टरला एव्हाना भाषेपलीकडचंही कळू लागलं होतं. “बाई, उद्या तो जाणार,” ती म्हणाली. “आणि तो नमस्कार माझा नाहीच. तुमचा तुम्हीच करा.”

बाईंनी चर्चला जातानाचे बूट घातले आणि उतरल्या. चौकातलं बोलणं त्यांच्यापुढे विझत गेलं. सलूनसमोर गाडी उभी होती, फिओरेंझा सामान भरत होती. ओरेस्ते बाकावर मान खाली घालून बसला होता. बाई थांबल्या नाहीत. म्हणायचं तसंच म्हणाल्या, चालता चालता, एका श्वासात, स्वच्छ.

“बुओनासेरा, ओरेस्ते.”

ओरेस्तेने मान वर केली नाही.

बाई तशाच पुढे निघाल्या. द्यायचं ते त्यांनी दिलं होतं. त्याने घेतलं नाही, तो त्याचा हक्क होता.

“आत्या,” फिओरेंझाने मागून हाक मारली. ती जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “बाबांना ऐकू येत नाही. म्हणून तर दुकान बंद केलं. कुणाला कळू देत नाहीत. ओठ बघून भागवतात, पण इथे सगळे भराभर बोलतात. एक त्या इंग्रज बाईचं बोलणं तेवढं समजायचं म्हणे, आता तेही समजेनासं झालं.”

बाई परत फिरल्या. बाकासमोर आल्या आणि भावाच्या चेहऱ्यासमोर चेहरा येईल इतक्या वाकल्या. त्याने वर पाहिलं. मग गावात सगळ्यांत शुद्ध बोलणाऱ्या बाईंनी तोंड मोठं उघडलं आणि कालच गावात आलेल्या परक्या बाईसारखं, एकेक अक्षर तोडत, नमस्कार केला.