शेऱ्याचा रकाना

"सर, मन्ही बायको दोन दिन रडनी तुम्हनं पुस्तक वाचीसन," घाटातल्या वळणावर जीप वळवत भाईदास म्हणाला. "ती पोर बुडनी ना, तठे."

पुढच्या सीटवर तिघांत चेपून बसलेल्या हेमकांतने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. पिशवीत तेच पुस्तक होतं, सहावी आवृत्ती.

"खरी गोठ शे का ती?"

"खरी शे," हेमकांत म्हणाला आणि बाहेर बघू लागला.

खरी होती, हेच त्याचं दुखणं होतं. बारा वर्षांपूर्वी तो धडगावच्या पुढे एका पाड्यावर मास्तर होता. शाळेत न येणाऱ्या मुलांची यादी घेऊन तो घरोघर फिरला. रूपीबाईच्या घरातलं नाव होतं तुळशी, वय नऊ.

"ती नाही. नदीत गेली," रूपीबाई म्हणाली होती.

त्याने शेऱ्याच्या रकान्यात 'मयत' लिहिलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण तो दर रविवारी तिच्या ओट्यावर जाऊन बसू लागला. पाणी किती होतं? अंगावर काय होतं? रूपीबाई अडखळत सांगायची. काठी गावच्या होळीच्या बाजारात घेतलेली लाल रिबीन तेवढी वर तरंगली, हे तिने चौथ्या रविवारी सांगितलं.

त्याची कादंबरी गाजली, पुरस्कार आले. नोकरी सोडून तो शहाद्याला नुसता लेखक म्हणून राहू लागला. रूपीबाईला त्याने कधी विचारलं नव्हतं. मुलीचं नावसुद्धा बदललं नव्हतं.

तो पाड्यावर पोचला तेव्हा रूपीबाई ओट्यावर मोहाची फुलं पसरत होती. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"गुरुजी? केस कुठं ठेवून आला तू?"

ती खदखदून हसली. हेमकांतला हसता आलं नाही. कडेवर मूल घेतलेल्या विशीतल्या बाईने पाण्याचा तांब्या आणून दिला. रूपीबाईचा मुलगा खात्या, त्याची बायको असावी. पाणी न पिताच त्याने पुस्तक काढून रूपीबाईपुढे ठेवलं.

"तुळशीचं सगळं यात लिहिलंय मी. तुला न विचारता. लोकांनी मला मोठं केलं ते तुझ्या मेलेल्या पोरीमुळे. माफी मागायला आलोय."

रूपीबाईचं हसू मावळलं. तिने पुस्तकाला हात लावला नाही.

"ती यादी आहे का अजून?"

"ती कचेरीत गेली. तेव्हाच."

"तू तिच्यात लिहिलं ते खोडता येतं?"

दुःखात माणूस काहीही विचारतं, त्याला वाटलं. "आता नाही खोडता येत, बाई."

रूपीबाईने पसरलेली फुलं पुन्हा सारखी केली. मग खाली मान घालून म्हणाली, "घरात बारा शेळ्या होत्या, गुरुजी. कोण चारणार होतं? आणि तू दर रविवारी यायचा, विचारत राहायचा."

हेमकांतला संदर्भ लागेना. तेवढ्यात पाणी आणून देणाऱ्या त्या बाईने मूल खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि पुस्तक उचललं. तिने ते उलटं धरून उघडलं, दोन-तीन पानं चाळली आणि त्याच्यापुढे केलं.

"गुरुजी, मी कशी बुडाली ते वाच ना," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "मला नाही वाचता येत."