बारीक अक्षर

संगणक कक्षातल्या तिसऱ्या मशीनवर पहिल्या काही ओळी ठळक उमटल्या, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि पुढची सगळी अक्षरं मुंगीएवढी होऊन भराभर वर सरकायला लागली.

"बघा सर, परत तेच," मशीनची दुरुस्ती बघणाऱ्या मैथिली मॅडम म्हणाल्या.

अंबादास सरांनी मान डोलावली. त्यांना एका राखाडी पट्ट्यापलीकडं काहीच दिसलं नव्हतं.

शाळेत वीज कधी जाईल याचा नेम नाही. चालू मशीन अशी मधेच बंद पडली की दुसऱ्या दिवशी सुरू होताना अडून बसते. काळ्या पडद्यावर दुरुस्ती करू का म्हणून विचारते आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढं सरकत नाही. नवे मोठे मॉनिटर आल्यापासून अक्षर आणखी बारीक झालं आणि तो प्रश्न वाचणं सरांच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. ते अंदाजानं बटण दाबत. हा संगणक कक्ष त्यांनी लोकांच्या हातापाया पडून उभा केला होता. डोळे अधू झाल्याचं हेडमास्तरांना कळलं तर किल्ली दुसऱ्याच्या हातात जाईल, या धास्तीनं त्यांना झोप लागत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ते गप्प होते.

आणि गप्प राहायचं सोडून मागच्या आठवड्यात आठवीच्या वर्गासमोर बोलून बसले. मॅडमना म्हणाले, सुरू होतानाचं अक्षर मोठं करून द्या, मुलांना दिसत नाही. कुणाला दिसत नाही, असं मॅडमनी सहज विचारलं. मागच्या बाकावरच्या वैष्णवीला, सर म्हणाले, डोळे बारीक करून बघते बिचारी. तोंडाला जे नाव आधी आलं ते त्यांनी घेतलं. वर आपली काळजी दिसावी म्हणून त्याच तासाला तिला पहिल्या बाकावर आणून बसवलं.

मॅडम मात्र त्या पोरीसाठी मनापासून खपत होत्या. आज त्यांना दोष सापडला होता. अक्षर मोठं करायची सूचना मशीन अगदी सुरुवातीला पाळत होती, पण नंतर स्क्रीनचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीन चालवणारा प्रोग्राम, जागा व्हायचा आणि सगळं पुन्हा मूळपदावर आणायचा. सूचना त्याच्यानंतर द्यायला हवी होती. त्यांनी तसं लिहिलं आणि मशीन परत सुरू केली.

तेवढ्यात वैष्णवीची आई, मथुराबाई, लेकीला घेऊन दारात येऊन उभी राहिली. सोयाबीनची मळणी अर्धी टाकून ती पोरीला उमरग्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवून आली होती. डॉक्टरांनी हरतऱ्हेनं तपासलं, पण दोष काही निघाला नाही. हे तिनं सांगितलं, पण तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद नव्हता. वर्गातली पोरं वैष्णवीला आंधळी कोशिंबीर म्हणून चिडवत होती, पोरगी धड जेवत नव्हती, आणि भावकीतल्या एका बाईनं चष्म्याच्या पोरीला स्थळ कसं मिळायचं, ही चर्चा आतापासून काढली होती.

मॅडमना उलगडा होईना. शेजारच्या मशीनवर अजून जुनं बारीक अक्षर होतं. ते दारातूनच वाच, असं त्यांनी वैष्णवीला सांगितलं. पोरीनं इंग्रजी शब्द फोडत फोडत का होईना, सगळी ओळ वाचून दाखवली. एकही अक्षर चुकलं नाही.

मॅडमनी सरांकडं पाहिलं. त्यांनी खडसावलं असतं तरी सरांना बरं वाटलं असतं. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारलेल्या त्या माणसाला कुठं तोंड लपवावं कळेना.

"तिला दिसतं," ते म्हणाले. "मलाच दिसत नाही."

ते मथुराबाईकडं वळले. सरांनी हात जोडले, चूक झाली, पोरीकडं बघून मोठ्या मनानं सोडून द्या, असं पुटपुटले. तिनं पदर सावरला आणि खाली बघतच उत्तर दिलं.

"म्या कोण तुमाला बोलणारी, सर. पण वर्गासमोर म्हणला व्हता, आता वर्गासमोरच सांगा."

घंटा झाली. आठवीची मुलं गलका करत आत आली. वैष्णवी आईचा हात सोडून त्यांच्यात मिसळली. मथुराबाई दारातच थांबली, मॅडम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या मशीनवर अक्षरं आता मोठी आली होती आणि मोठीच राहिली होती. मॅडमनी ते कुणाला सांगितलं नाही.

सर फळ्यापुढं उभे राहिले. पोरगी आता पहिला बाक सोडून मागं आपल्या मैत्रिणींत जाऊन बसली असणार, असं त्यांनी धरलं. मागच्या बाकावर दोन वेण्यांची एक पुसट मुलगी दिसत होती. सरांनी तिच्याकडं तोंड केलं. वर्ग आपोआप शांत झाला.

"वैष्णवी, उभी राहा बाळा," ते म्हणाले. "मी तुझ्याबद्दल खोटं बोललो. तुझे डोळे चांगले आहेत."

मागची मुलगी गोंधळून उभी राहिली. कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं.

पहिल्या बाकावरून, सरांनी हात लांब केला असता तर डोक्याला लागला असता इतक्या जवळून, हळू आवाज आला.

"सर, मी इथं हाय."