सोबतीचा माणूस

"कधीपासून दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"चार दिवस झाले," खाटेवरचा माणूस म्हणाला. "छातीवर कोणी बसलंय असं वाटतं. डाव्या हातात कळ जाते. मळमळतंय."

तो जाडजूड होता, पोटावर शर्ट ताणलेला. बोटं सिगारेटने पिवळी पडली होती. पाय एकसारखा हलत होता.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या.

"घाबरत नाही. सवय आहे."

शेजारी स्टुलावर त्याचा थोरला भाऊ बसला होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एक घर चुकलेली, गळ्यात शिंप्याची टेप लोंबत होती. "डॉक्टर, मी सांगतो," तो पुढे सरकला. "आधी याचं..."

तेवढ्यात जुने रिपोर्ट शोधायला सिस्टरनी भावांनी आणलेली पिशवी पालथी केली. गोळ्यांची पट्टी बाहेर पडली. डॉक्टरांनी ती उजेडाकडे धरली.

"या मानसिक आजारावरच्या. चांगल्या भारी आहेत. कोणाच्या?"

खाटेवरच्याचा पाय हलायचा थांबला.

"दादाच्या," खाटेवरचा म्हणाला. "आवाज ऐकू येतात त्याला. पुष्कळ वर्षं झाली."

दादाने तोंड उघडलं. डॉक्टरांची नजर टेपवरून चुकलेल्या बटणांवर गेली. मग त्यांनी खुर्ची खाटेजवळ ओढली. दादाकडे पाठ झाली.

"तुम्ही स्वतः रोजचं काही औषध घेता?"

"नाही."

दादाने तोंड मिटलं.

"आधी कोणाला दाखवलं होतं?"

"तिघांना. मनाचे खेळ म्हणाले."

"न तपासताच?"

"हातसुद्धा लावला नाही कोणी."

"कमाल आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि स्वतः त्याच्या छातीला तारा जोडायला लागल्या.

यंत्रातून कागद सरकत बाहेर आला. त्या तो बराच वेळ बघत राहिल्या.

"बरं झालं आलात. हृदयाचा रक्तपुरवठा अडलाय. लगेच मोठ्या रुग्णालयात हलवायचं. आजही घरी बसला असतात तर हाती लागला नसतात."

खाटेवरचा हसला. परीक्षेत पास झाल्यासारखा.

"म्हणजे खरंच आहे ना? छातीतच आहे?"

"छातीतच आहे."

"दादा, ऐकलंस?"

दादाने मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते.

मग खाटेवरच्याला उमासा आला. चादर खराब झाली.

"सिस्टर, उलटीचं इंजेक्शन द्या," डॉक्टर म्हणाल्या आणि रुग्णवाहिकेसाठी फोन उचलला.

दादा ताडकन उठला. स्टूल आडवं झालं. "थांबा! त्या गोळ्या चालू असताना ते देऊ नका! ठोके बिघडतात. आमच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलंय."

"काका, इंजेक्शन तुम्हाला नाही. तुमच्या भावाला आहे."

"अहो, गोळ्या त्याच्याच आहेत! मला काही झालेलं नाही. मी शिंपी आहे. दुकान आहे माझं."

"हो, हो. आमची मापं नंतर घ्या," सिस्टर हसून म्हणाल्या.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी फोनवर हात ठेवून खाटेवरच्याला विचारलं, "काय म्हणतायत हे? खरं आहे का?"

त्याने आधी दादाकडे पाहिलं, मग छातीवर चिकटवलेल्या तारांकडे.

"असंच करतो तो," तो म्हणाला. "गोळी चुकली की."

डॉक्टरांनी मान डोलावली. "यांना जरा बाहेर बसवा. प्रेमाने."

दारातल्या रखवालदाराने दादाचा दंड धरला. दादा हिसका देऊन खाटेपाशी पोचला, तोवर सिस्टरनी रिकामी सिरिंज ट्रेमध्ये टाकली होती.

खाटेवरच्याने टेप धरून त्याला खाली ओढलं, अगदी कानाशी.

"दादा, गप्प बस ना," तो कुजबुजला. "आवाज मला ऐकू येतात हे यांना कळलं, की छातीचं पुन्हा कोणी ऐकणार नाही."