मागच्या सीटशेजारची जाळी

मिस्त्रीने मागच्या सीटशेजारची जाळी उचकटली आणि आतून एक अख्खी मेंढी बाहेर आली. म्हणजे मेंढी नव्हे, पण लोकर तेवढीच होती. राखाडी, दाबून बसलेली, आणि तिच्यात गुंतलेले पांढरे केस.

“काका, घरी कुत्रं पाळलंय का?”

“नाही हो,” गाडीला टेकून उभे असलेले म्हातारे म्हणाले. “कुत्र्याला जागा कुठे आहे?”

मिस्त्री हसला. गाडी धन्यापेक्षा खरं बोलते, असा त्याचा पंचवीस वर्षांचा दावा होता. एकदा नुसत्या क्लचच्या वासावरून त्याने एका गिऱ्हाइकाचं लग्न मोडणार म्हणून सांगितलं होतं. ते मोडलं. पुढे त्या गिऱ्हाइकाच्या बायकोनेही गाडी त्याच्याकडेच आणायला सुरुवात केली.

“हे बघा काका, ही हायब्रीड गाडी. हिला पोटं दोन. एक पेट्रोलचं, एक बॅटरीचं. पेट्रोलचं पोट बिघडलं तर ती आरडाओरडा करते, बॅटरीचं बिघडलं तर गप्प राहून मरते. बॅटरी आहे या सीटखाली, आणि श्वास घेते ती या जाळीतून. हिच्यापुढे पिशवी नको, उशी नको, पांघरूण तर नकोच नको. माणसाचं नाक दाबलं तर तोंड उघडतं. हिला तोंडच नाही.”

म्हातारे मान डोलवत होते. नोकरीत असताना ते इमारतींचे नकाशे काढायचे. अजून बोलताना बोटाने हवेत रेघ मारायची सवय होती.

“आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी फिरवा. उभी ठेवली की ब्रेकच्या चकत्या गंजतात.”

“फिरवतो. पण समजा, गाडी उभीच आहे आणि रात्रभर एसी चालू ठेवला, तर?”

मिस्त्रीचा हात थांबला. मघाशी तपासणीच्या यंत्रावर त्याने दोन आकडे पाहिले होते आणि यंत्राला वेड लागलं म्हणून सोडून दिले होते. चार महिन्यांत गाडी सहाशे किलोमीटर चालली होती. पण चालू होती नऊशे तास. म्हणजे एखाद्या गोगलगायीनेही तिला हॉर्न देऊन मागे टाकलं असतं.

त्याने लोकरीचा गोळा हातात घेतला. मग म्हाताऱ्यांच्या स्वेटरकडे पाहिलं, मग केसांकडे. गाडी बोलली होती.

“काका, किती दिवस झाले?”

म्हातारे टायरकडे बघत म्हणाले, “वर दोनच खोल्या आहेत. नातीचा अभ्यास असतो. मला खोकला. सगळे झोपले की मी खाली उतरतो, आणि ते उठायच्या आत वर जातो. कुणाला पत्ता नाही.”

“मुलाला?”

“त्याला तर अजिबात नाही. बिचारा रोज सकाळी विचारतो, बाबा, झोप लागली का? मी म्हणतो, लागली.” हवेत बोटाने एक रेघ मारून ते म्हणाले, “तुम्ही त्याला काही सांगू नका. चांगला मुलगा आहे. जिवाला लावून घेईल.”

गाडी मुलाच्या नावावर होती, आणि बॅटरीचं काम केल्याच्या कागदावर सही मालकाचीच लागते. त्याने मुलाला फोन लावला. येत्या महिन्यात थंडी पडणार होती. त्याआधी या म्हाताऱ्याला वर, अंथरुणावर पोचवायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलं. आजवर हजार इंजिनं रांगेला लावली, एक घर लावायला काय जातंय, असं त्याला वाटलं.

मुलगा अर्ध्या तासात आला. इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ. आल्या आल्या त्याने वडिलांना विचारलं, “चहा घेतलात का बाबा?” मिस्त्रीला तो तिथेच आवडला.

“साहेब,” मिस्त्रीने लोकरीचा गोळा त्याच्यापुढे धरला, “हे जाळीत निघालं. मागच्या सीटवर कुणी पांघरूण घेऊन झोपत असलं की असं होतं. पंखा गुदमरतो, बॅटरी तापते. आज साफ करून भागलं. पुन्हा झालं तर अख्खी बॅटरी बदलावी लागेल.”

मुलगा गोळ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. म्हाताऱ्यांनी पाठ फिरवली आणि उगाच आरशावरची धूळ पुसायला घेतली.

बाण लागला, असं मिस्त्रीला वाटलं. आता शेवटचा घाव, तोही हलक्या हाताने.

“साहेब, लहान तोंडी मोठा घास घेतो. गाडीने खाली झोपावं आणि माणसाने घरात. दोघांचंही आयुष्य वाढतं.”

मुलाने मान हलवली. तो वडिलांजवळ गेला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. शाळेत बाई पोराला समजावतात तितक्या मायेने तो म्हणाला,

“बाबा, पहिल्याच दिवशी दाखवलं होतं ना तुम्हाला? पुढची सीट पूर्ण आडवी होते. तिथे झोपत जा.”